एका घरातले दोन सीडीफोर: मायलेकराची केस

पार्श्वभूमी

मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावर, काउन्सेलर आहे. ही केस एका मायलेकराची. दोघांना एकाच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या, घर एक, खाणंपिणं एक, आणि तरी दोघांची इम्युनिटी पार वेगळ्या पद्धतीनं भरून आली. नावं बदललीयेत, ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केलेत. आईला सुनंदाताई म्हणू, लेकराला समर्थ. गाव बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातलं, एवढं पुरे.

ताईंचा नवरा २०१७ ला गेला, गावात सगळे म्हणायचे टीबीनं गेला, पुढची तपासणी कुणी केली नाही. समर्थचा जन्म फेब्रुवारी २०१५ चा, म्हणजे ऐन सीझनमधला. नाव गावच्या उपकेंद्रात नोंदवलेलं, बाळंतपण कारखान्याच्या बाजूला, आणि गरोदरपणातली एचआयव्ही टेस्ट या दोन्हीच्या मध्ये कुठंतरी राहून गेली. ती झाली असती तर आईला तेव्हाच गोळ्या, बाळाला जन्मल्याबरोबर औषध आणि सहाव्या आठवड्यात टाचेच्या रक्ताची तपासणी, हे सगळं तेव्हाही सरकारीत फुकट होतंच. दक्षिण आफ्रिकेतल्या चेअर अभ्यासात २००८ लाच दिसलं होतं की तान्ह्या बाळांना वाट न बघता लगेच उपचार दिले तर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होतात. समर्थ साडेचार वर्षं बिनऔषधाचा जगला हे त्याचं नशीब, दुसरं काय.

ऑगस्ट २०१९ ला ताई आल्या तेव्हा दोन महिन्यांपासून येऊनजाऊन ताप, वजन ३६ किलो, जिभेवर पांढरा थर. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, पॉझिटिव्ह निघाल्या. लेकरू कुठंय म्हणून विचारलं तर बाहेर बाकड्यावर आजीजवळ बसलेलं. त्याचीही टेस्ट झाली, तोही पॉझिटिव्ह. वजन साडेबारा किलोसुद्धा नाही, कान सारखा वाहणारा, मानेला बारीक गाठी.

बेसलाइन, म्हणजे गोळ्यांआधीचा रिपोर्ट: ताईंचा सीडीफोर (रक्तातल्या शिपाई पेशी, ज्या एचआयव्ही संपवत जातो) ४१, समर्थचा ४१२.

पहिला प्रश्न: ४१२ चांगला की वाईट

हा आकडा ऐकून ताईंच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "मंजी लेकराला माझ्यासारखं लई झालेलं नाय ना मॅडम?" त्यांचं काय चुकलं, मोठ्या माणसाचा ४१२ असता तर आपणही बरंय म्हणालो असतो. आमच्याच सेंटरला नवीन आलेल्या एका स्टाफनं पण तेच म्हटलं होतं.

पण लहान मुलांमध्ये हा हिशोब चालत नाही. तान्ह्या बाळात दोन-तीन हजार सीडीफोर असणं नॉर्मल असतं, मग वय वाढेल तसा आकडा खाली येत येत पाच-सहाव्या वर्षी मोठ्या माणसाच्या जवळ येतो. म्हणून पाच वर्षांखालच्या लेकराचा नुसता आकडा न बघता टक्के बघायचे, म्हणजे एकूण लिम्फोसाइटमध्ये सीडीफोर पेशी किती टक्के. समर्थचे होते ९. तीन ते पाच वर्षं या वयात १५ च्या खाली गेलं की डब्ल्यूएचओच्या वर्गवारीत ती तीव्र कमतरता. म्हणजे पोरगं आईइतकंच खोल गेलेलं होतं, कागदावर तेवढं दिसत नव्हतं. (आता तर पाच वर्षांखालचं कुठलंही पॉझिटिव्ह लेकरू उपचार सुरू करताना ॲडव्हान्स स्टेजचंच धरतात, सीडीफोर काही का असेना.)

दुसरा प्रश्न: लगेच सुरू करायचं की थांबायचं

२०१७ पासून आपल्याकडे सीडीफोर कितीही असो, उपचार सगळ्यांना. २००४ ला आठ सेंटरवर फुकट गोळ्या सुरू झाल्या तेव्हा २०० च्या खाली जायची वाट बघावी लागायची, ते दिवस गेले. त्यामुळे द्यायचं का हा प्रश्नच नव्हता, कधी द्यायचं हा होता.

समर्थचं सोपं होतं. खोकला नाही, ताप नाही, घरात चालू टीबीचा पेशंट नाही, एक्स-रे साफ. मुलांच्या डोसमधलं अबाकाव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेंझ, सोबत बाकीचे संसर्ग टाळायला सेप्ट्रान आणि टीबी होऊ नये म्हणून आयएनएच.

ताईंचं अवघड होतं. ताप आहे, वजन उतरलंय, म्हणजे टीबीच्या चार लक्षणांपैकी दोन हजर. पण बेडका येईना, कसाबसा काढला तर सीबीनॅट, म्हणजे टीबीची मशीनवरची तपासणी, निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे साफ. पोटाच्या सोनोग्राफीत एक सेंटीमीटरपेक्षा लहान दोन-चार गाठी आणि रिपोर्टवर तेच नेहमीचं, नॉन-स्पेसिफिक, म्हणजे कशाच्या ते सांगता येत नाही. डोक्याचं काही नको निघायला म्हणून क्रिप्टोकॉकल अँटीजन (मेंदूत जाणाऱ्या बुरशीची तपासणी) तपासलं, ते निगेटिव्ह आलं, एवढा एक दिलासा.

डॉक्टरांपुढे तीन रस्ते होते. एक, टीबी धरून चालायचं, आधी टीबीचं औषध आणि दोन आठवड्यांनी एआरटी. दोन, गाठींचा छडा लागेपर्यंत दोन्ही थांबवायचं. तीन, एआरटी आणि सेप्ट्रान आत्ताच सुरू करायचं, आयएनएच रोखून धरायचं आणि दर आठवड्याला बघायचं. दुसरा रस्ता ४१ सीडीफोरच्या बाईला परवडणारा नव्हता, थांबण्यात माणूस जातो. पहिल्यात पुरावा काहीच नाही आणि नऊ-दहा गोळ्या एकदम पोटात. शेवटी तिसरा घेतला. आयएनएच रोखलं कारण आतमध्ये खरंच टीबी असेल तर एकट्या आयएनएचनं तो मरत नाही, उलट औषधाला जुमानेनासा होतो. मला विचाराल तर हे आयएनएच थांबवणं या केसमधला सगळ्यात शहाणा निर्णय होता आणि फाईलमध्ये त्याची नोंद जेमतेम अर्धी ओळ आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांच्या गोळ्या सुरू. ताईंना टीएलई, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेंझ एकाच गोळीत, रात्री एक.

अडचण: बरं वाटायच्या ऐवजी गाठ आली

पहिले तीन आठवडे मस्त गेले. ताप उतरला, भाकरी जायला लागली. पाचव्या आठवड्यात १०२ ताप आणि मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ, लाल, हात लावू देईनात. गाठीतून सुईनं पू काढला, सीबीनॅटला पाठवला, टीबी निघाला, रिफाम्पिसिनला सेन्सिटिव्ह, म्हणजे टीबीच्या त्या मुख्य औषधाला दाद देणारा.

याला आयरिस म्हणतात. टीबीचे जंतू शरीरात आधीपासून होते पण त्यांच्याशी भांडायला शिपाईच नव्हते, म्हणून सूज नाही, गाठ नाही, काहीच नाही. गोळ्यांनी व्हायरस पटकन खाली येतो, सीडीफोर वाढायला लागतात आणि मग शरीर दबून बसलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडतं. बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि ज्यांनी खूप कमी सीडीफोरवर सुरुवात केली त्यांच्यात जास्त. त्या दिवशी ताईंचा सीडीफोर मुद्दाम केला तर १०९ आला, ४१ वरून पाच आठवड्यांत.

हे सगळं आम्हाला कळतंय. ताईंना आणि त्यांच्या आईला दिसतंय ते एवढंच की गोळ्या सुरू केल्या आणि माणूस जास्त आजारी पडलं. "गोळ्या खाल्ल्यापसूनच गाठ आली की, त्याच्याआधी कुठं होती?" यात तर्क चुकीचा कुठंय सांगा. सात-आठ दिवस ताईंनी गोळ्या उशाखाली ठेवल्या होत्या, ते पिल काउंटमध्ये, म्हणजे उरलेल्या गोळ्या मोजल्यावर, निघालं, त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच समर्थच्या पाठीवरून पोटाकडे नागीण उठली. मुलांमध्ये गोळ्या सुरू झाल्यावर नागीण येणं हे पण आयरिसचंच एक रूप आहे, आम्ही बऱ्याचदा बघतो. पण घरात नागीण म्हणल्यावर विळखा पुरा झाला की लेकरू जातं, ही भीती आधी. आजी त्याला शेजारच्या वाडीवर मंत्र टाकायला घेऊन गेली, दोन दिवस तिथंच गेले. नंतर आणला तेव्हा ॲसायक्लोव्हिर दिलं, फोड वाळले, डाग राहिले.

पर्याय: गोळ्या, स्टेरॉइड, आणि कोयता

एआरटी बंद करायची का, हा पहिला मुद्दा. जीवावर बेतलेलं नसेल तर आयरिसमध्ये बंद करत नाहीत, बंद केलं तर व्हायरस परत उसळतो आणि परत सुरू केलं की परत तेच. त्यातून एफाव्हिरेंझ शरीरातून हळू निघतं, बाकीची दोन लवकर निघतात, म्हणजे अचानक बंद केलं की काही दिवस एकटंच एफाव्हिरेंझ उरतं आणि रेझिस्टन्सला, म्हणजे व्हायरस औषधाला जुमानेनासा व्हायला, आयतं आमंत्रण. म्हणून चालू ठेवलं.

टीबीचं औषध लगेच सुरू, रोजचं चार औषधांचं, वजनाप्रमाणे. टीएलईसोबत रिफाम्पिसिन चालतं, बदल करावा लागला नाही. ज्या बायांची जुनी नेव्हिरापिनवाली कॉम्बिनेशन होती त्यांच्यात मात्र हा बदल करण्याचा घोळ व्हायचा.

स्टेरॉइडवर चर्चा झाली. आयरिसचा त्रास जास्त असेल तर प्रेड्निसोलोन काम करतं, आणि २०१८ ला एक चांगला अभ्यास आला होता की टीबीचं औषध चालू असलेल्या, १०० किंवा त्याखालच्या सीडीफोरच्या पेशंटला एआरटीसोबतच चार आठवडे प्रेड्निसोन दिलं तर आयरिस कमी होतो. पण तो आयरिस टाळण्यासाठीचा, आणि टीबी आधीच माहीत असलेल्यांचा. ताईंचा टीबी एआरटीनंतर उघडा पडला होता. श्वासनलिकेवर दाब नाही, गिळता येतंय, डोकं साफ. डॉक्टरांनी ठरवलं की दोनदा पू काढू, सूज-दुखण्याची गोळी देऊ, पंधरा दिवस बघू, नाहीच उतरलं तर स्टेरॉइड. उतरलं.

खरी गाठ दुसरीकडेच होती. दिवाळी २७ ऑक्टोबरला, तिच्यानंतर टोळ्या निघणार, आणि ताईंनी भावासोबत जोडी लावून मुकादमाकडून उचल घेतलेली. एक कोयता म्हणजे दोन माणसं. एक आजारी पडलं तर उचल परत कर नाहीतर बदली माणूस दे. ताई म्हणत होत्या मी जाते, गोळ्या तिकडं खाते. दोन वाटा होत्या: तीन महिन्यांच्या गोळ्या देऊन कारखान्याजवळच्या सेंटरला जोडून द्यायचं, किंवा थांबवायचं. कागदावर पहिली वाट चालते आणि धडधाकट पेशंटसाठी आम्ही ती दरवर्षी वापरतो. पण ताप असलेली, मानेतून पू येणारी, ३८ किलोची बाई पहाटे चारला फडात उतरणार आणि मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडीत चढवणार, हे डोळ्यांपुढे आणलं की निर्णय होतो.

"थांबा" म्हणणं सोपं, पैसे कोण देणार? भावाला सेंटरवर बोलवायचं का हे आधी ताईंना विचारलं, त्यांनी होकार दिल्यावरच बोलवलं. त्याला टीबी सांगितला, एचआयव्ही ताईंनी स्वतः सांगितला, माझ्या टेबलाशी, खाली मान घालून. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मी बायकोला नेतो, तू लेकराकडं बघ." ताईंच्या वाट्याची अर्धी उचल पुढच्या सीझनवर ढकलली गेली. निक्षयचे, म्हणजे टीबी पेशंटच्या आहारासाठीचे सरकारी, महिन्याला पाचशे रुपये मिळत होते, त्यात काय होतंय, पण दूध-अंडी म्हणून ते वेगळे ठेवले.

पुढे काय झालं

मार्च २०२० ला सहा महिन्यांचे रिपोर्ट. ताईंचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, टार्गेट नॉट डिटेक्टेड (टेस्टमध्ये सापडतच नाही इतका कमी), सीडीफोर १२१. समर्थचा पण नॉट डिटेक्टेड, टक्के ९ वरून १९. आणि आठवड्याभरात लॉकडाऊन. टीबीच्या शेवटच्या महिन्याच्या गोळ्या आमच्या आउटरीच वर्करनं मोटरसायकलवर पोचवल्या, एआरटी तीन महिन्यांची एकदम दिली.

त्यानंतर दोघांच्या वाटा फुटल्या. समर्थ वर्षभरात २६ टक्क्यांवर, आकडा हजाराच्या पुढे, कान वाहायचा बंद, वजन सोळा किलो. ताई ऑक्टोबर २०२० ला १४९, एप्रिल २०२१ ला १७१, ऑक्टोबरला १८३, एप्रिल २०२२ ला १७६. व्हायरल लोड दर वेळी नॉट डिटेक्टेड. मधे २०२१ च्या सुरुवातीला बाकी सगळ्यांसारखं त्यांनाही टीएलईवरून डोलुटेग्राव्हिरवाल्या टीएलडीवर घेतलं. आधीची गोळी फेल गेली म्हणून बदलली असं त्यांना वाटलं होतं, ते समजावण्यात एक पूर्ण भेट गेली.

ताईंचं गाडं का अडकलं हे विचारणारी मीच एकटी नव्हते. थोडक्यात सांगायचं तर पहिल्या तीन-चार महिन्यांत सीडीफोर पटकन वाढतात त्यातल्या बऱ्याचशा जुन्याच मेमरी पेशी असतात, ज्या लिम्फ नोडमध्ये (मानेत, काखेत असतात त्या गाठींमध्ये) अडकून बसलेल्या असतात आणि सूज कमी झाली की रक्तात परत येतात. नव्या कोऱ्या पेशी बनवायचं काम छातीतल्या थायमस ग्रंथीचं. लहानपणी ती जोरात चालते, मोठेपणी आकसत जाते आणि तिच्या जागी चरबी येते. समर्थकडे चालू थायमस होती, त्यानं नव्यानं फौज उभी केली. ताईंकडे बत्तिसाव्या वर्षी थोडीफारच उरलेली, त्यात वर्षानुवर्षं उपचार नाही, त्यामुळे लिम्फ नोडच्या आत तंतू साचून जागा खराब झालेली, वरून टीबी. ५० च्या खालून सुरुवात केलेले बरेच मोठे पेशंट वर्षानुवर्षं गोळ्या नीट खाऊनही ५०० बघत नाहीत. त्यात पेशंटचा दोष काही नाही.

तिसरा प्रश्न: १७६ चं काय करायचं

१८३ चा १७६ झाला आणि ताई घाबरल्या. खरं तर सात-आठचा फरक हा फरकच नाही, साधं सर्दीपडसं, रक्त कुठल्या वेळी काढलं, एवढ्यानंसुद्धा सीडीफोर यापेक्षा जास्त हलतो. पण लोक हा आकडा शाळेच्या मार्कांसारखा बघतात, आणि आपणच त्यांना तशी सवय लावलीये, दर भेटीला "वाढला हं" म्हणत.

ताई शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेल्या. तिथं सांगितलं गेलं की रेझिस्टन्स आलाय, लाईन (म्हणजे गोळ्यांचा सगळा संचच) बदलावी लागेल, आणि तोवर इम्युनिटीची पावडर आणि इंजेक्शनांचा कोर्स. सहा हजारांवर खर्च, ऊसतोडीच्या पैशातला.

लाईन बदला म्हणणाऱ्यांचा विचार कुठून येतो ते मला कळतं. आपल्याकडे २०१८ च्या आधी व्हायरल लोड रुटीनला नव्हता, सीडीफोर बघूनच ठरवायचे. बेसलाइनच्या खाली गेला, किंवा सगळ्यात वरच्या आकड्याच्या निम्म्यावर आला, किंवा १०० च्या वर चढेचना, तर फेल्युअर म्हणायचं. त्या काळात चांगल्या चालू असलेल्या गोळ्या उगाच बदलल्या गेल्याची उदाहरणं आहेत, आणि उलटही, सीडीफोर बरा म्हणून व्हायरस वाढलेला कळलाच नाही. ताईंचा व्हायरस नॉट डिटेक्टेड आहे म्हणजे गोळी तिचं काम पूर्ण करतेय. गोळी व्हायरस थांबवते, पेशी बनवणं तिच्या हातात नाही. लाईन बदलून काय होणार, शून्याचं आणखी शून्य?

आमच्या डॉक्टरांनी केस राज्याच्या एक्स्पर्ट पॅनलकडे टाकली. मधल्या काळात दुसरी कारणं शोधली: टीबी परत आलाय का, लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर) आहे का, हिपॅटायटिस बी आणि सी, रक्ताचा पूर्ण रिपोर्ट, सोनोग्राफी पुन्हा, सीडीफोर खाली ओढणारं काही औषध चालू आहे का. झिडोव्ह्युडिन असतं तर ते बदलायचा विचार झाला असता, ते त्यांना कधी नव्हतंच. काही सापडलं नाही.

इम्युनिटी वाढवायच्या इंजेक्शनाचं म्हणाल तर हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. इंटरल्युकिन-२ नावाचं खरंखुरं औषध, साडेपाच हजारांवर पेशंट, एस्प्रिट आणि सिलकाट असे दोन अभ्यास, २००९ ला निकाल आले. सीडीफोर वाढले, नक्की वाढले. पण आजारपणं कमी झाली नाहीत, मृत्यू कमी झाले नाहीत. शुद्ध औषधानं आकडा वाढवून जर माणसाला फायदा झाला नाही तर डब्यातल्या पावडरीचं काय घेऊन बसलात. हे मी ताईंना साध्या शब्दांत सांगितलं, त्या म्हणाल्या, "मंग माझे पैशे गेले म्हना." गेले.

पॅनलचं उत्तर आलं: टीएलडी चालू ठेवा, सेप्ट्रान चालू ठेवा, टीबीवर लक्ष ठेवा. म्हणजे औषधात काहीच बदल नाही. असं उत्तर पेशंटला सांगणं सगळ्यात जड जातं, काहीतरी बदललं की त्यांना उपचार झाल्यासारखा वाटतो. म्हणून आम्ही करायच्या गोष्टी लिहून दिल्या, पेशंटकडच्या हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर: सेप्ट्रान रोज, सीडीफोर ३५० च्या वर सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा येईपर्यंत ती सुटणार नाही. ताप किंवा खोकला आला की मेडिकलमधून गोळी न घेता सरळ सेंटर. टीबीचं औषध संपल्यावर द्यायचं राहिलेलं आयएनएच आता पूर्ण. वर्षातून एकदा गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. सीडीफोर सहा महिन्यांनीच, मधेच पैसे भरून नाही.

समर्थचं उलटं

आता मागं जाऊ, फेब्रुवारी २०२१. ताई त्या सीझनला भावाच्या टोळीसोबत गेल्या होत्या, मागची अर्धी उचल फेडायची होती ना. समर्थ आजीकडे. पोरगं गुटगुटीत, टक्के ३३, आकडा १३००. आणि व्हायरल लोड ४,३००.

सीडीफोर बघितला असता तर कुणालाच शंका आली नसती. लेकरांची थायमस इतकी दमदार असते की व्हायरस परत उठला तरी काही महिने आकडा छान दिसत राहतो. म्हणजे एकाच घरात आईचा व्हायरस शून्य आणि पेशी कमी, पोराच्या पेशी भरपूर आणि व्हायरस वर. ज्याला सगळे धष्टपुष्ट म्हणत होते त्याच्याच गोळ्या पणाला लागल्या होत्या, कारण एफाव्हिरेंझ निकामी व्हायला व्हायरसमध्ये एक म्युटेशन, म्हणजे एक बदल, झाला तरी पुरतो.

पर्याय दोनच. लगेच दुसऱ्या लाईनचा विचार, किंवा आधी गोळ्या खरंच पोटात जातायत का ते बघून तीन महिन्यांनी परत टेस्ट. नियम दुसरं सांगतो आणि इथं नियम बरोबर होता. आजीशी बोललो. ती आधी "रोज देते की" एवढंच. मग म्हणलं, आजी, देता कशी ते करून दाखवा. तिनं पदराच्या गाठीतून गोळी काढली, म्हणाली, "ही दिली की पोरगं रातच्याला वरडत उठतंय, म्हनून लई वरडलं की दुसऱ्या दिवशी देत न्हाई." एफाव्हिरेंझची वाईट स्वप्नं, पुस्तकात लिहिलेला साइड इफेक्ट, आणि आजीला तो कुणी सांगितलेलाच नव्हता. तिच्या बाजूनं ती लेकराची काळजीच घेत होती.

गोळी झोपायच्या अगदी वेळेला द्यायची, तेलकट जेवणानंतर लगेच नाही, असं बसवलं. शेजारच्या घरातली बारावीची मुलगी रोज साडेआठला मोबाईलवर आजीला आठवण करायची, कशाची गोळी ते तिला माहीत नाही, शक्तीची म्हणून सांगितलं. मे महिन्यात परत टेस्ट, नॉट डिटेक्टेड. २०२२ ला वीस किलो पार झाल्यावर त्याला डोलुटेग्राव्हिरवर घेतलं आणि ओरडणं बंद झालं.

निकाल

२०२४ च्या शेवटच्या रिपोर्टला ताई २२३, वजन ५१ किलो, २०२० नंतर एकदाही ॲडमिट नाही. सेप्ट्रान चालू. फडात जायचं सोडलंय, गावातच शिवणकाम करतात. समर्थला नऊ वर्षं पुरी झालीत, चौथीत आहे, सीडीफोर आणि व्हायरल लोड दोन्ही नंबर चांगले. त्याला अजून आजाराचं नाव सांगितलेलं नाही, "रक्तातल्या शिपायांची गोळी" इथपर्यंत आलोय, आणि मागच्या भेटीला त्यानं विचारलं की मग आई पण तीच का खाते.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच ताईंना आणि आजीला सांगायला हवं होतं की पहिल्या तीन महिन्यांत गाठ, ताप, नागीण येऊ शकते आणि ते गोळी काम करत असल्यामुळे होतं. १०० च्या खालच्या प्रत्येकाला आता आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो, गाठ कुठं येते ते मानेला हात लावून दाखवतो. ताईंच्या त्या आठवड्यात उशाखाली गेलेल्या गोळ्या वाचल्या असत्या. टीबीसाठी आता लघवीची लॅम टेस्ट आहे, जिथं मिळते तिथं इतक्या कमी सीडीफोरच्या पेशंटला करून घ्यावी, बेडका येत नसला तरी चालतं.

दुसरं, औषध देणारा माणूस बदलला की काउन्सेलिंग नव्यानं. सीझनला आईबाप जातात, लेकरं आज्यांकडे राहतात, हे आपल्या भागात दरवर्षीचंय. दिवाळीच्या आधी एक भेट फक्त आजीची ठेवली पाहिजे, आणि तिला विचारायचं नाही, करून दाखवायला सांगायचं.

तिसरं लसींचं, जे सगळ्यांच्याच नजरेतून सुटतं. समर्थला गोवराचे दोन्ही डोस दोन वर्षांच्या आत मिळालेले, म्हणजे बिनउपचाराच्या काळात. तेव्हा घेतलेल्या लसीची आठवण शरीरात टिकेल याची खात्री नसते, म्हणून टक्के २०-२५ पर्यंत आले की गोवराचा एक जादा डोस द्यावा असं डब्ल्यूएचओनं २०१७ लाच सांगितलंय. समर्थ २६ ला २०२० मध्येच पोचला होता. डोस मिळाला डिसेंबर २०२२ ला, मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरल्याच्या बातम्या यायला लागल्यावर. तेव्हाही उपकेंद्रावरच्या सिस्टर म्हणाल्या, कार्ड तर पूर्ण आहे, मी कुठल्या रकान्यात लिहू? डॉक्टरांची चिठ्ठी नेली, मग दिला. आता आमच्या पांढऱ्या कार्डावर मुलांसाठी पेनानं एक ओळ वाढवलीये, टक्के वर आले की गोवराचा डोस आणि हिपॅटायटिस बीचं बघणे, आणि सोबत द्यायची छापील चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवलीये.